हंगामाचा पहिला गुरुवार

जून उजाडला की आमच्या महाविद्यालयात दोन रांगा लागतात. एक कार्यालयाच्या खिडकीपाशी प्रवेशाची, आणि दुसरी लोणावळ्याच्या लोकलच्या तिकिटाची. पहिली सर पडते न पडते तोच वर्गात एकच विषय सुरू होतो. कोणत्या रविवारी जायचे, भुशी की लोहगड, डबे कोणी आणायचे, छत्री न्यायची की भिजायचे! प्रथम वर्षाला असताना मी ही चर्चा नुसती ऐकली. द्वितीय वर्षाला आल्यावर मात्र मनाशी ठरवले, की हंगामाच्या आरंभी एकदा तरी डोंगर पाहायचाच.

आमच्या घरात महाविद्यालयात पाऊल टाकणारी मी पहिलीच. त्यामुळे 'सहल' हा शब्द घरी जरा सांभाळूनच काढावा लागतो. आई म्हणाली, "रविवारी पोरांच्या घोळक्यात जायचं नाही." वडिलांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "गुरुवारी मला सुट्टी आसती. मीच येतो संगं." आपल्या औद्योगिक पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे येथील वाचकांना सांगायला नको. आप्पा २६ वर्षे एका कारखान्यात लेथवर काम करतात. एवढ्या वर्षांत चिंचवडहून लोकलने तासाभराच्या आत असलेला हा डोंगर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

२०२५ साली पाऊस फारच लवकर आला. एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणारे मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईत आणि पुण्यात दाखल झाले. नंतर पावसाने काही दिवस दडी मारली. जूनच्या दुसऱ्या गुरुवारी पुन्हा आभाळ भरून आले आणि आम्ही सकाळची लोकल गाठली. आप्पांनी पायांत कारखान्यातले सेफ्टी बूट घातले होते. डोंगरावर हे जड बूट कशाला, म्हणून मी हसले. माझ्या पायांत नवे कॅनव्हासचे बूट होते.

आकुर्डी, देहूरोडपर्यंत आकाश नुसतेच मळभलेले होते. तळेगाव सोडल्यावर खिडकीला थेंब लागले, आणि कामशेतच्या पुढे समोरचे डोंगर दिसेनासे झाले. एका तासात एवढा फरक का पडावा? याचे उत्तर भूगोलाच्या तासाला मी लिहून घेतले होते; ते खरे कसे असते, हे त्या दिवशी खिडकीतून पाहिले. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे कोकणात सरळ आत येतात आणि सह्याद्रीची भिंत त्यांना आडवी येते. पुढे जाण्यासाठी त्यांना वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही. त्याचे थेंब होतात आणि पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो. घाट ओलांडून तीच हवा पूर्वेला उतरू लागली, की ती तापते आणि कोरडी होते. म्हणून लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम ७००. आणखी पूर्वेला, सोलापूर जिल्ह्यात, तो साडेपाचशेच्या आसपास येतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

मळवलीला उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला, की भाजे गाव लागते. उजव्या-डाव्या हातांना भाताची खाचरे होती. मावळात भाताची रोपे आधी एका वाफ्यात वाढवतात आणि मग लावणी करतात. रोपे नुकतीच बोटभर वर आली होती. आप्पा बांधावर थांबून ती पाहत राहिले. एका खाचराच्या कडेला बुटांचे ठसे उमटलेले होते. कोणीतरी फोटोसाठी आत उतरले असावे. आप्पा एवढेच म्हणाले, "शेतात बूट घालून शिरत्यात व्हय?"

भाज्यापासून गायमुख खिंडीपर्यंत चढ आहे. खिंडीच्या डाव्या हाताला विसापूर आणि उजव्या हाताला लोहगड. पायथ्याच्या लोहगडवाडीत एका मावशींच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्या म्हणाल्या, "आज तुम्ही दोघंच. रविवारी आलात तर कढईपुढून हलायला सवड मिळत नाही." जून ते सप्टेंबर हे चार महिने त्यांच्या कमाईचे. बाकीचे वर्ष या चार महिन्यांच्या आधारावर चालते. आपण ज्याला सहल म्हणतो, तो त्यांचा सुगीचा काळ आहे.

लोहगडाला एकामागून एक असे चार दरवाजे आहेत : गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा. पुरंदरच्या तहात १६६५ साली हा किल्ला मोगलांकडे गेला आणि १६७० साली मराठ्यांनी तो परत जिंकून घेतला. वाट मुद्दाम नागमोडी ठेवलेली आहे, म्हणजे चढणारा शत्रू सतत वरच्यांच्या माऱ्यात राहावा. त्या दिवशी शत्रू कोणी नव्हता, पण नारायण दरवाजा ओलांडल्यावर तिसऱ्या-चौथ्या पायरीवर माझा पाय निसटला. बाजूला दरी होती. आप्पांनी दंडाला धरले म्हणून निभावले. गुडघा खरचटला आणि काही क्षण तोंडातून शब्द फुटेना.

आप्पा रागावले नाहीत. ते म्हणाले, "आगं, लेथखाली कूलंट सांडलेलं आसतंय, तितं आमी रोज चालतो. पाय पुढं सरकवत टाकायचा न्हाई. उचलायचा, आख्खा तळवा टेकवायचा, आन् मग भार द्यायचा. घाई केली की माणूस पडलाच." मग मला त्यांच्या बुटांचा अर्थ कळला. तेलकट फरशीसाठी केलेले ते खोल खाचांचे रबरी तळ त्या शेवाळावर घट्ट बसत होते आणि माझे गुळगुळीत तळ घसरत होते.

घरी आल्यावर मी या घसरण्याचा विचार केला. उन्हाळाभर दगडावरचे शेवाळ वाळून काळ्या पापुद्र्यासारखे चिकटून असते. ते डोळ्यांना दिसतही नाही. त्यावर आठ महिन्यांची धूळ साचते. पहिल्या सरींनी ही धूळ धुऊन जात नाही, नुसती भिजते. शेवाळ पाणी पिऊन फुगते, बुळबुळीत होते, आणि दगड व पाय यांच्यामध्ये एक पातळ थर तयार होतो. घर्षण कमी होते ते त्यामुळे. हिमालयात औलीसारख्या ठिकाणी स्कीइंगसाठी जाणाऱ्यांनाही हंगामाच्या आरंभी असेच जपावे लागते. तेथे पहिल्या बर्फाचा थर पातळ असतो. वरून सारे पांढरे, सपाट दिसते आणि खाली दगड, झुडपे लपलेली असतात. बर्फ असो की पाऊस, हंगामाचा पहिला दिवस दिसतो सुंदर, पण डोंगर अजून पुरता तयार झालेला नसतो आणि आपल्या पायांनाही सवय नसते.

महादरवाजातून आत गेलो तेव्हा सगळीकडे धुके होते. हाताच्या अंतरावरचे दिसत नव्हते. नाना फडणवीसांनी बांधलेल्या सोळा कोनी तळ्यापाशी आम्ही भाकरी सोडली. एवढ्यात वारा सुटला आणि दक्षिणेकडचे धुके पडद्यासारखे बाजूला झाले. खाली पवना धरणाचे पाणी पसरलेले दिसले. पलीकडे तुंग आणि तिकोना.

"हे कुठलं धरण?" आप्पांनी विचारले.

"पवना. आपल्या नळाला येतं ते हेच पाणी, आप्पा."

ते उठून कड्यापासून चार हात अलीकडे उभे राहिले. धरणातून सोडलेले पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून उचलून, शुद्ध करून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले, तेव्हापासून आमच्या चाळीत पिंपे, बादल्या यांचे वेळापत्रक आई सांभाळते. त्या पिंपांचे मूळ आप्पा प्रथमच पाहत होते.

मग मी त्यांना वाऱ्याची आणि डोंगराच्या भिंतीची गोष्ट सांगितली. आमचे मूळ गाव करमाळा तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामांवर खडी फोडली होती. पुढेही पाऊस दगा देत राहिला आणि शेवटी आप्पा चिंचवडला आले. आप्पा ऐकत होते. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे ढगाचा दोष न्हाई. वाटंत डोंगर हाय." थोडे थांबून म्हणाले, "आमचा म्हातारा जन्मभर म्हणायचा, आपल्याच हातून कायतरी चुकलं आसंल."

वर्गात मी 'पर्जन्यछाया' ही व्याख्या पाठ केली होती आणि तिला पाच गुणही मिळाले होते. तिच्याखाली माझे आजोबा उभे आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

मी पुढे सांगितले, की पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते. गडाच्या उत्तर अंगाचे पाणी इंद्रायणीत जाते आणि तीही तुळापूरला भीमेलाच मिळते. भीमेवर उजनी धरण आहे. आम्ही रेल्वेने जेऊरला जातो, तेव्हा भिगवणच्या पुढे खिडकीतून जे पाणी दिसते, ते हेच. आप्पा हसले. "म्हंजे पाऊस आपल्याकडं येत न्हाई, पर पाणी येतंय!"

परतीची लोकल संध्याकाळी होती. आप्पा खिडकीपाशी बसून झोपले. मला वाटले, एक चांगला दिवस झाला.

तीनच दिवसांनी, १५ जून २०२५ रोजी, रविवारी, कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि ४ जण मृत्युमुखी पडले. आमची लोकल बेगडेवाडीवरून गेली, तेथून ते ठिकाण फार लांब नाही. आमच्या वर्गातल्या मुलांनी आदल्या वर्षी त्याच पुलावर उभे राहून फोटो काढले होते. त्याच्या आधीच्या वर्षी, ३० जून २०२४ रोजी, भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले होते. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही आणि वर मातीचा थर पातळ आहे. डोंगरमाथ्यावर सर कोसळली, की सगळे पाणी ओढ्यात येते. आपण उभे असतो तेथे कदाचित ऊनही असेल. पाणी वरच्या पावसाचे असते. ते गढूळ झाले किंवा त्यात काटक्या-पाने येऊ लागली, की क्षणाचाही विलंब न लावता बाहेर पडावे.

माझ्या मित्रमैत्रिणींनो, डोंगरावर जाऊ नका, असे मी म्हणत नाही. आम्ही जाऊन आल्यावर महिन्याभरात, ११ जुलै २०२५ रोजी, युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत लोहगड आहे. गर्दी आता आणखी वाढेल. पण जाताना तळाला खाचा असलेले बूट घाला, आख्खा तळवा टेकवा, भाताच्या खाचरात उतरू नका आणि मावशींच्या टपरीवर चहा घ्या. आणि जमले तर एखाद्या गुरुवारी जा. घरात कोणी असा असेल, ज्याने आयुष्यभर हेच पाणी प्यायले पण ते कोठून येते हे पाहिले नाही, तर त्याला बरोबर न्या.

आप्पांनी परवा विचारले, "औंदा कदी जायचं?" बूट त्यांनी पुसून ठेवले आहेत.