नॉमिनीच्या रकान्यात कोण?

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, असरची नमाज आटोपली की मी जकातीचा हिशेब घेऊन बसतो. घरातलं सोनं-चांदी, बँकेतली शिल्लक, भिशीत अडकलेले पैसे, कोणाकडून येणं आहे, कोणाचं देणं आहे, सगळं एका कागदावर मांडायचं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे निसाबपेक्षा, जास्त असलेल्या आणि वर्ष उलटलेल्या मालमत्तेवर अडीच टक्के बाजूला काढायचे. जिंतुरातले माझे व्यापारी मित्र दिवाळीला वहीपूजन करतात, नोकरदार मंडळी 31 मार्च धरतात. आमचा ताळेबंद रमजानमध्ये लागतो.

यंदा मदतीला लेक होती. तिने अकरावीला कॉमर्स घेतलं आहे, म्हणून शेअरचा भाग तिच्याकडे सोपवला. माझे शेअर फार नाहीत. त्या दिवशीच्या भावाने 2 लाख 40 हजार रुपये भरले. विकण्यासाठी घेतलेल्या शेअरची जकात पूर्ण बाजारभावावर काढायची, लाभांशासाठी वर्षानुवर्षे ठेवलेल्या शेअरचा हिशेब वेगळा, असं बरेच उलेमा सांगतात. मी त्या बारकाव्यात न शिरता पूर्ण किंमतच धरतो. 6 हजार रुपये झाले. आकडा लिहून लेक मोबाइलवर खात्याची माहिती चाळत होती. मध्येच थांबून म्हणाली, ‘‘अब्बू, नॉमिनी में तो दादा का नाम है.’’

दादा म्हणजे तिचे आजोबा, माझे अब्बा. त्यांचा इंतकाल होऊन सात वर्षं झाली.

खातं उघडलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. परभणीला बँकेत बसून फॉर्म भरताना शेवटच्या रकान्यात अब्बांचं नाव लिहिलं आणि विसरून गेलो. त्यानंतर शेअरचा भाव किती वेळा पाहिला याची गणती नाही. कोणता घ्यावा, कधी विकावा, पडला तर थांबावं का, हे सगळे प्रश्न स्वतःला विचारले. माझ्यामागे हे कोणाच्या हाती जाईल, हा प्रश्न विचारला नाही. नॉमिनीच हयात नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर वारसांना वारसा प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागू शकतं. रक्कम लहान असली तरी प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं, सगळ्या वारसांच्या ना-हरकतीच्या सह्या हा व्याप टळत नाही.

नाव हयात माणसाचं असलं, म्हणजे सगळं ठीक असंही नाही. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका विधवेचं प्रकरण आलं होतं. पतीच्या डीमॅट खात्यातल्या शेअरसाठी नॉमिनी होता पतीचा पुतण्या. पत्नीने शेअरवर हक्क सांगितला. एक सदस्यीय पीठाने तेव्हाच्या कंपनी कायद्याचा अर्थ लावून सांगितलं, की शेअर नॉमिनीचे. पत्नी वारस असूनही तिचा दावा टिकला नाही.

हा अर्थ पुढे बदलला, आणि तो ज्या प्रकरणात बदलला ते नाव प्रत्येक मराठी घराच्या भिंतीवर आहे. 1973 मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू करणारे जयंत साळगावकर 2013 मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं. पण काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांना वेगवेगळे नॉमिनी होते. पैसा नॉमिनींचा की वारसांचा, हा वाद न्यायालयात गेला. 2016 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आणि 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नॉमिनेशन हा वारसा मिळण्याचा तिसरा मार्ग नाही. मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जाईल. कंपनीने किंवा बँकेने कोणाच्या हाती द्यावं, एवढ्यापुरताच नॉमिनी.

उर्दूत यासाठी एक नेमका शब्द आहे, अमानत. नॉमिनी हा अमानतदार. दुसऱ्याची वस्तू त्याच्या हाती आली आहे, ती त्याने हकदारांना पोचवायची.

मग हकदार कोण? आमच्या शरीअतप्रमाणे माझ्यामागे पत्नी, आई आणि मुलं असतील, तर देणी फिटल्यावर उरलेल्या मालमत्तेचे 24 वाटे धरा. 3 पत्नीचे, 4 आईचे, उरलेले 17 मुलांचे, त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. माझ्या 2 लाख 40 हजारांत हे 30 हजार, 40 हजार आणि 1 लाख 70 हजार होतात. माझ्या हिंदू सहकाऱ्याने मृत्युपत्र केलं नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. दोन्ही कायद्यांत आई आहे, दोन्हींत मुलगी आहे. फॉर्म भरताना मात्र आपल्याकडे एक तर बायकोचं नाव लिहितात, नाही तर थोरल्या मुलाचं. आणि तो मुलगाही पुढे समजून चालतो, की नाव माझं म्हणजे शेअर माझे. सासरी गेलेली बहीण भावाकडे मागायला संकोचते. आई तर विचारतच नाही.

कॉलेजात हे सांगितलं तेव्हा स्टाफरूममधल्या चौघांनी तिथेच मोबाइल काढून नॉमिनी तपासला. एकाचा रकाना कोराच होता. एकाच्या घरी डीमॅट खातं आहे हेच ठाऊक नव्हतं. एकाने विचारलं, ‘‘बायकोला पासवर्ड सांगून ठेवला तर भागणार नाही का?’’ नाही भागणार. खातेदार गेल्यावर त्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने शेअर विकणं बेकायदा आहे. मृत्यूचा दाखला देऊन शेअर रीतसर आपल्या खात्यावर घ्यावे लागतात. लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतलाच नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतात. तिथून परत मिळतात, पण अर्ज आणि कागदपत्रं घेऊन धावावं लागतं.

म्हणून वर्षातून एकदा, आपापल्या सणाला म्हणा, एवढं करावं. नॉमिनीचं नाव बघावं. एकापेक्षा जास्त नावं आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते. ईमेलवर येणारं सगळ्या गुंतवणुकीचं एकत्रित विवरणपत्र छापून घरच्या फायलीत ठेवावं, आणि फाइल कुठे आहे ते सांगावं. वाटणी वेगळी हवी असेल तर मृत्युपत्र करावं. मुस्लिमांना वसीयत एक तृतीयांशापर्यंतच करता येते. त्यापुढे, किंवा वारसांपैकीच कोणाला जास्त द्यायचं असेल, तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

त्या दिवशी मी नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव भरलं आणि तिला समोर बसवून 24 वाट्यांचा कागद दाखवला. तिने वाचला आणि एवढंच म्हणाली, ‘‘अम्मी के चार पहले लिखो.’’ लेकीने नवा कागद घेऊन तो क्रम बदलला. अम्मी पलीकडे इफ्तारसाठी खजुराच्या बिया काढत होत्या.

जकातीच्या कागदाखाली यंदा एक ओळ वाढली आहे, ‘नॉमिनी तपासला’. पुढच्या रमजानलाही ती लिहायची आहे.