हसा, पण कुणावर?

रात्री नऊच्या सुमारास ओटा पुसला, दुधाला विरजण लावलं की मी टीव्हीसमोर बसते. त्या वेळी रिमोट माझ्या हातात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे! सासू-सुनांची कारस्थानं मला बघवत नाहीत. मला काही तरी विनोदी लागतं. मी काही समीक्षक नाही, मैत्रिणींनो. मांडीवर भाजीचं सूप घेऊन निवडत निवडत बघणारी साधी प्रेक्षक. पण इतकी वर्षं बघून बघून आपलीही काही मतं होतातच ना?

आता ‘अशी ही बनवाबनवी’च घ्या. सचिन पिळगावकरांचा हा सिनेमा १९८८ साली आला. किती वेळा पाहिला, मोजदाद नाही. त्यात सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसतात, ते पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून. अडचण खरी आहे. त्यामुळे पदर सावरताना उडालेली त्यांची तारांबळ बघून आपण त्यांच्या फजितीला हसतो, बाईला नव्हे. नाही तर हल्लीची काही प्रहसनं! पुरुषाने साडी नेसली, कंबर हलवली की झाला विनोद. बायको जाडी आहे, काळी आहे, की हसा!

१९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘हम पाँच’ लागायची. पाच पोरींचा बाप झालेले अशोक सराफ आणि भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याला चार शब्द सुनावणारी प्रिया तेंडुलकर. मुलगी झाली की तोंड वाकडं करणारी माणसं तेव्हा आजूबाजूला कमी नव्हती. अशा दिवसांत पाच पोरींनी गजबजलेलं ते घर बघून फार बरं वाटायचं. २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’तल्या नम्रता संभेराव, वनिता खरातही मला आवडतात. त्या नुसत्या हसायच्या वस्तू होत नाहीत, हसवणाऱ्या होतात.

हे सगळं तसं गमतीतलं. पण मागे एक गोष्ट घडली आणि मी विचारात पडले.

आमच्या कोरपना तालुक्यात कापूस पिकतो, सिमेंटचे कारखाने आहेत आणि पलीकडे तेलंगणाची सीमा. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी कानावर पडते. आमच्या बचत गटातली एक बाई बोलण्यात मोठी पटाईत. कापूस विकताना व्यापाऱ्याशी घासाघीस करावी तर तिनेच. तिला आम्ही जिल्ह्याबाहेरच्या एका प्रशिक्षणाला पाठवलं. कर्जाच्या व्याजाबद्दल एक प्रश्न ती मनाशी पक्का करून गेली होती. उभी राहिली, ‘साहेब, मले एक इचारायचं हाये’ म्हणाली, तोच समोरून आवाज आला, ‘वा, टीव्हीवरच्या कॉमेडीसारखं बोलता हो!’ सगळा हॉल हसला. ही बसली ती बसलीच. प्रश्न राहून गेला. परत आल्यावर मला म्हणाली, “ताई, आता तुमीच बोलत जा. मी नाई बोलत.”

मला टीव्हीचाच राग आला. मराठी सिनेमात, मालिकांत नायक-नायिका शुद्ध बोलणार आणि आमची बोली हवालदार, गडी नाही तर बावळट पाहुण्याच्या तोंडी! हे काही इथलंच नाही. १९७७ मध्ये विलायतेत ‘माइंड युवर लँग्वेज’ नावाची मालिका सुरू झाली. इंग्रजी शिकायला आलेले देशोदेशीचे लोक आणि त्यांची मोडकी इंग्रजी, हाच तिचा विनोद. प्रत्येक देशाच्या माणसाला एकाच साच्यात बसवल्याची टीका तिच्यावर झाली. पुढे १९९३ मध्ये पंकज कपूरना घेऊन ‘जबान संभाल के’ ही तिची हिंदी आवृत्ती आली. त्या वेळी मीही पोट धरून हसले होते. चुकणारा माणूस आपल्या गावचा नव्हता ना!

पण सगळा दोष टीव्हीचा म्हणावा तर तेही खरं नाही. माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं. दिवाळी झाली की तिकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मोठं ठाणं. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, रात्रभर नाटक चालतं. रंगमंचावरचा विनोदी नट आमच्याच बोलीत बोलतो आणि मांडवातल्या म्हाताऱ्या बायाही डोळे पुसत हसतात. तिथे बोलीची लाज कुणालाच वाटत नाही. या रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या सगळ्या मुलखालाच मान मिळाल्यासारखं वाटलं.

एकदा ती बाई रात्री हिशेबाची वही घेऊन घरी आली. टीव्हीवर ‘चला हवा येऊ द्या’चा जुना भाग चालू होता. आपले अमरावतीकडचे भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलत होते. वही बाजूला ठेवून ही इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, “इथे हसतेस, मग तिथे का वाईट वाटलं?”

ती म्हणाली, “हा आपलाच हाये ना ताई, आपल्यासंग हासते. तो मानूस माह्यावर हासला.”

मी इतके दिवस शोधत होते ते तिने दोन वाक्यांत सांगितलं! ज्याच्यावर विनोद होतो, तो त्याच खोलीत बसून मोकळेपणी हसू शकतो का, एवढंच बघायचं. तो हसला तर विनोद. तो गप्प झाला तर ती टिंगल.

मी तिला म्हटलं, “तुझा प्रश्न मी नाही विचारणार. तुलाच विचारावा लागेल.” पुढच्या बैठकीला कर्जाची माहिती द्यायला साहेब आले, तेव्हा ती थोडी अडखळत उभी राहिली. “मले एक इचारायचं हाये,” म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी वही उघडून व्याजाचा हिशेब समजावला आणि तिच्यामुळे तो आम्हा सगळ्यांनाच कळला.

मैत्रिणींनो, आज रात्री टीव्हीसमोर पोटभर हसा. फक्त शेजारी बसलेलं कुणी गप्प तर झालं नाही ना, तेवढं एकदा वळून बघा.