एमआरआयमधली दाढ

बाळ अंगाने सैल, मान धरायला उशीर, श्वास कधी भराभर तर कधी क्षणभर थांबलेला. ‘काही मुलं उशिराच चालतात’ म्हणत घरचे वाट बघतात. कारण जुबेर सिंड्रोम असेल, तर ते एमआरआयमध्ये दिसतं. लहान मेंदूचा मधला भाग पुरता वाढलेला नसतो आणि त्याला मेंदूच्या देठाशी जोडणारे दोन दांडे जाड, लांबट असतात. आडव्या छेदात हा आकार थेट दाढेसारखा दिसतो. मॉन्ट्रियलच्या डॉ. मारी जुबेर यांनी १९६९ मध्ये एकाच घरातल्या चार भावंडांवरून हा आजार मांडला, तेव्हा एमआरआय नव्हता.

या चित्राने आजार बरा होत नाही. पण बाळाची मूत्रपिंडं, यकृत आणि डोळ्यांचा पडदा वेळोवेळी तपासायला हवा, हे कळतं. जनुक तपासणीला दिशाही मिळते. बहुतेक घरांत आईवडील दोघंही निरोगी वाहक असतात. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. नात्यातल्या लग्नात दोघंही वाहक असण्याचा संभव वाढतो आणि मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आपल्याही काही घरांत आहे. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावू नका. दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी दोघांनी मिळून जेनेटिक तज्ज्ञांना भेटा.