कुलपाचे घर आणि शिहूह लोकांचे मूळ

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेचे नाते आजच्या कोणत्याही भाषेशी जुळलेले नाही. असेच एक कोडे अरबस्तानातही आहे.

संयुक्त अरब अमिरात म्हटले की दुबईचे उंच मनोरे आठवतात. पण त्या देशाच्या उत्तरेस, रास अल-खैमा व फुजैराच्या डोंगरांत आणि शेजारच्या ओमानच्या मुसंदम भागात, शिहूह नावाची जमात राहते. पावसाचे पाणी टाक्यांत साठवावे, दगडी बांधांच्या लहान शेतांत गहू-जव पेरावे, उन्हाळ्यात खजुरासाठी समुद्रकाठी उतरावे, असा त्यांच्या वाडवडिलांचा क्रम होता. मागे राहणाऱ्या धान्यासाठी ते जाड दगडांचे, अर्धे जमिनीत असलेले घर बांधत. आतले रांजण दारापेक्षा मोठे असत, म्हणजे ते कोणालाच बाहेर नेता येत नसत. या घराला ‘बैत अल-कुफ्ल’ म्हणतात. ‘कुफ्ल’ म्हणजे आपले कुलूप! मराठीने हा शब्द अरबीतूनच घेतला.

हे लोक आले कोठून? आपण येमेनच्या अझ्द कुळातले अरब, असे ते सांगतात. डोंगरात रेटले गेलेले हे अरबांपूर्वीचे लोक असावेत, असा तर्क काही परक्या प्रवाशांनी केला. त्याला कारण झाली कुमझारी भाषा. बहुतेक शिहूह अरबी बोलतात. पण होर्मुझच्या सामुद्रधुनीवरील कुमझार गावी आणि दिब्बा परिसरात काहीजण कुमझारी बोलतात. बर्ट्राम थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० साली या बोलीवर निबंध प्रसिद्ध केला. तिच्यात अरबी शब्द पुष्कळ असले तरी ती फारसीच्या घराण्यातली आहे. फारसीत पाचाला ‘पंज’, दहाला ‘दह’ म्हणतात. म्हणजे दूरच्या नात्याने ती आपल्या मराठीचीही बहीण लागते! सातव्या शतकात इस्लामचा प्रसार झाला, त्याआधीच ती तेथे पोचली होती, असे अभ्यासकांचे मत आहे.

मग शिहूह इराणी की अरब? येथे घाई करू नये. भाषेचे मूळ आणि माणसांचे मूळ एकच असते असे नाही. मॉरिशसमधील आपल्या घरांतले बोलणे एखाद्या परक्याने ऐकले, तर क्रिओलमधील फ्रेंच शब्दांवरून तो आपले पूर्वज फ्रान्सचे ठरवील! रत्नागिरीचे नाव त्याला कोण सांगणार? आजीची हाक, सणाचे गाणे, घरातले एखादे जुने नावच ते सांगेल.

आज कुमझारीही संकटात आहे, कारण मुलांची शाळा अरबीत भरते. विद्वान तिचे शब्द लिहून ठेवीत आहेत. ते काम चांगलेच आहे. पण वहीतली भाषा हाक मारीत नाही. ती घरातच बोलावी लागते, त्यांच्याकडे आणि आपल्याकडेही.