गुरूविना युद्धकला शिकता येते का?

(यवतमाळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ठरला तेव्हा एका विद्यार्थ्यानं मला विचारलं, "सर, मोबाइलवर व्हिडिओ पाहून लाठी शिकता येते का?" प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर द्यायचं तर आधी हे ठरवावं लागतं, की युद्धकला म्हणायचं कशाला?

शिवजयंतीची मिरवणूक आठवा. पोरं-पोरी लाठी फिरवतात, दांडपट्टा चालवतात. २०२४ साली शासनानं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, तेव्हापासून उत्साह आणखी वाढला आहे. ते पाहताना डोळ्यांचं पारणं फिटतं आणि त्यामागे मेहनतही असते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिथं लाठी हवेत फिरते, आणि हवा उलटून मारत नाही.

माझी व्याख्या अशी आहे. समोर एक माणूस आहे, त्याला स्वतःचं डोकं आहे, आणि तो तुमचा डाव हाणून पाडणार आहे. अशा माणसावर चालणारं, आणि एकाकडून दुसऱ्याला देता येणारं पद्धतशीर कौशल्य म्हणजे युद्धकला. यात दोन गोष्टी आल्या: प्रतिकार आणि पद्धत. नुसता प्रतिकार असेल तर ती चौकातली मारामारी. नुसती पद्धत असेल तर ती कवायत. वाईट दोन्हीत कवायत नाही, पण तिला लढणं समजू नये.

या कसोटीला आपली कुस्ती पूर्ण उतरते. एकेरी पटाचंच घ्या. खाली झेपावायचं, प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरायचा, ओढून त्याचा तोल घालवायचा. सांगायला एक वाक्य पुरतं. पण तुम्ही झेपावताच समोरचा पाय मागं फेकतो आणि सगळं वजन तुमच्या मानेवर टाकतो. आता काय करणार? प्रत्येक डावाला तोड असते, आणि तोडीलाही तोड असते. खरी कुस्ती तिथं सुरू होते. मल्लखांब पहिलवानाला चपळ करतो, पण खांब तोड काढत नाही. म्हणून तो पूरक व्यायाम.

जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला, तेव्हा हाच विचार केला. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले. का? म्हणजे उरलेले डाव पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या जोडीदारावर, रोज करून पाहता येतील.

आता गुरूकडे येऊ. माहिती हवी असेल तर पुस्तक पुरतं. बडोद्याच्या मजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. कुस्ती, मल्लखांब, शस्त्रं, सगळं चित्रांसकट. मोठं काम आहे. पण ते खंड वाचून कुणी पहिलवान झाला नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा सुरू केली, तिचंच पुढं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूनं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. तो चमू मैदानावर घडला होता, ग्रंथालयात नाही.

मग वस्ताद नेमकं काय करतो? एक, तुम्हाला न दिसणारी चूक त्याला दिसते. पटात घुसताना मान खाली गेली, हे तुम्हाला कळतच नाही. दोन, तो क्रम ठरवतो. आधी पडायला शिकवतो, मग पाडायला. हा क्रम चुकला की मान आणि मणका धोक्यात येतो. तीन, तो जोड लावून देतो. नवख्याला कुणाशी खेळवायचं, किती वेळ, आणि कधी थांबवायचं, हे त्यालाच कळतं.

कुणी म्हणेल, मग एकलव्याचं काय? चांगला प्रश्न. एकलव्य धनुर्विद्या शिकला. लक्ष्य जागचं हलत नाही, बाण चुकला तर लगेच दिसतं. तिथं लक्ष्यच चूक दाखवतं. अशी विद्या एकट्यानं बरीच पुढं नेता येते. कुस्तीत मातीचा पुतळा पुरत नाही. आणि त्याच कथेत अंगठाही मागितला जातो, हे विसरू नका. म्हणजे गुरू लागतो म्हणून गुरूचं सगळंच ऐकावं, असं होत नाही.

हे मी का सांगतोय? शाळांमधून मुलींना स्वसंरक्षणाचे वर्ग दिले जातात. फार चांगलं आहे. पण ठोसे हवेतच मारले, जोडीदारानं कधी मनगट घट्ट धरलंच नाही, तर पोरीला खोटा भरवसा मिळतो. खोटा भरवसा भीतीपेक्षा धोकादायक असतो. कारण भ्यालेली मुलगी वेळेत पळते तरी.

म्हणून पालकांनी वर्गावर जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. जोडीदार खरा विरोध करतो का? पडायला शिकवतात का? आणि "माझ्यावर हा डाव चालत नाही" असं मुलीनं म्हटलं, तर शिक्षक रागावतो की पुन्हा करून दाखवतो?

त्या विद्यार्थ्याला मी सांगितलं, "व्हिडिओ पाहून लाठी फिरवता येईल. लाठीनं लढायला समोर कुणीतरी लागेल. आणि तुम्हा दोघांना धड घरी पोचवायला एक वस्ताद लागेल."