पसंती क्रमांक एक

कळस गावच्या चौकातल्या ई-सेवा केंद्रात मी लेकीच्या खुर्चीमागे उभा आहे. खुर्च्या दोनच. दुसरीवर एक आजी सातबाऱ्याची वाट बघत बसल्यात, पिशवी मांडीवर घट्ट धरून. बाहेर चिखल. 2025 चा मे अजून सरायचाय, पण पाऊस आषाढातल्यासारखा लागलाय. 25 तारखेला तर बारामतीकडे पिंपळीजवळ नीरा डावा कालवाच फुटला. लाइट जाते-येते. संगणकावरचा पोरगा दर वेळी खाली वाकून बटण दाबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.

दहावीचा निकाल 13 मेला लागला. पूर्वी आपल्याकडे एवढंच असायचं की दाखला घ्यायचा, मोटारसायकलला किक मारायची आणि कॉलेजात जाऊन नाव घालायचं. ऑनलाइन प्रवेश म्हणजे पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूर-अमरावतीची गोष्ट. यंदा पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्राला तो लागू झालाय. 21 तारखेला सुरू व्हायचं ते 26 ला झालं. शंभर रुपये शुल्क, अर्जाचे दोन भाग आणि पसंतीच्या क्रमानं जास्तीत जास्त दहा कॉलेजं.

"काका, पहिला नंबर विचार करून सांगा," पोरगा म्हणतो. "पहिल्या पसंतीचं लागलं तर घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद."

माझ्या खिशात दोन कागद आहेत. एक गुळगुळीत, रंगीत. पुण्यातल्या एका क्लासचं पत्रक, त्यावर टाय लावलेल्या पोरांचे फोटो आणि फोटोखाली मार्क. दुसरा लेकीनं माझ्या फवारणीच्या वहीतून फाडलेला. मागच्या बाजूला माझ्या अक्षरात औषधांची मापं, पुढच्या बाजूला तिनं पट्टीनं आखलेला तक्ता. डावीकडे कॉलेजांची नावं आणि वर तीन रकाने: गाडी, प्रयोगशाळा, राहायचं.

त्या क्लासमध्ये आम्ही गेल्या आठवड्यात जाऊन आलो. तिथले सर गोड बोलत होते. नाव एका कॉलेजात राहील, यायचं मात्र रोज इथं, सकाळी सातपासून. त्याला ते इंटिग्रेटेड म्हणतात. लेकीनं विचारलं, "सर, मग प्रॅक्टिकल?" ते म्हणाले, "त्याची काळजी नको, बोर्डाच्या आधी करून घेतात." ती पुढे काही बोलली नाही. येताना भिगवणपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. वाटेत मी चहा सांगितला, तोही तिनं अर्धा ठेवला.

ती गप्प का झाली, ते मला ठाऊक आहे. आमची दोन एकर द्राक्षं आहेत. ऑक्टोबर छाटणीआधी मी काड्या प्रयोगशाळेत तपासायला नेतो, गेल्या दिवाळीआधी ती बरोबर आली होती. तिथल्या बाईंनी काडीवरचा एक डोळा ब्लेडनं उभा चिरला, काचेवर ठेवला आणि तिला म्हणाल्या, "बघ." तिनं एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाली, "पप्पा, घड आत्ताच आहे आत. एवढुसा. बाहेर काहीच दिसत नाही आणि आत घड आहे." घरी येईस्तोवर तेच. तो घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत आत तयार होतो, तेव्हा ऊन लागतं, आभाळ चालत नाही, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं. आत्ता हा पाऊस बघून माझ्या पोटात गोळा येतोय तो त्याचसाठी. आणि ती मला रोज विचारते, "पप्पा, आता आत काय झालं असेल?"

ज्या पोरीला हे विचारावंसं वाटतं, तिचं प्रॅक्टिकल बोर्डाच्या आधी "करून घ्यायचं" कसं?

फोन वाजतो. मेहुणा. "दाजी, लातूरला टाका. नीटला 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे, तिचा विषयच आहे तो." खोटं नाही. लातूर पॅटर्ननं साध्या घरची कितीतरी पोरं डॉक्टर केली, हे मी मानतो. पण तिला डॉक्टर व्हायचंय असं ती अजून एकदाही म्हणालेली नाही. ती म्हणते बीएस्सी ॲग्री. त्याला सीईटी लागते, आणि सीईटीत अकरावीचा वीस टक्के, बारावीचा ऐंशी टक्के अभ्यासक्रम. म्हणून अकरावी सोडून द्या म्हणणारेही भेटले. मला ते पटत नाही. जे वर्ष मार्कांत दिसत नाही, त्याच वर्षात पोर घडतं. मी बागाईतदार आहे, मला हे कुणी शिकवायला नको.

"विचारतो तिला," मी म्हणतो आणि फोन ठेवतो.

लाइट येते. पोरगा म्हणतो, "चला ताई, सांगा."

ती माझ्याकडे बघते. मी फवारणीच्या वहीचा कागद काढून तिच्यापुढे ठेवतो.

"शारदानगर," ती म्हणते. त्या ओळीत प्रयोगशाळेच्या रकान्यात तिनं 'पाहून आले' लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय. शेजारी कृषी विज्ञान केंद्र. जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शनाला आम्ही तिथंच जातो. मी रोपं-अवजारं बघत हिंडतो, ती मात्र एका जागी उभी राहून प्रश्न विचारते. राहायच्या रकान्यात 'वसतिगृह'. तो शब्द मी आत्ता पहिल्यांदा नीट वाचतो. तुळजाराम चतुरचंद दोन नंबरला, विद्या प्रतिष्ठान तीन, वालचंदनगर चार. वालचंदनगरपुढे गाडीच्या रकान्यात 'रोज, पास मोफत' असं आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, त्याची चौकशी तिनं स्वतः केलीय.

"वालचंदनगर एकला टाकू का?" मी विचारतो. आवाज माझा मलाच बारीक वाटतो. "संध्याकाळी घरी येशील."

ती लगेच उत्तर देत नाही. बोटानं कागदाचा कोपरा दुमडते, उलगडते.

"पप्पा, जाण्यायेण्यात दिवस जाईल. मला तिथं थांबायचंय."

आजी पिशवीवरून मान वर करून म्हणतात, "लिवू द्या तिला. तिला ऱ्हायचंय, तुमाला न्हाई."

पोरगा माऊस तिच्याकडे सरकवतो. ती चारच नावं भरते. "दहा भरायलाच पाहिजेत असं नाही ना, दादा?" तो मान हलवतो. "एक भरलं तरी चालतं." ती प्रत्येक नाव पुन्हा वाचते, ओठ हलवत. मग लॉक करते.

छपाईयंत्र घरघरतं. कागद कोमट निघतो. ती तो दप्तरात न ठेवता हातातच धरते. तेवढ्यात तिच्या आईचा फोन. मी कानाला लावतो.

"भरला? काय टाकलं पहिलं?"

"शारदानगर."

पलीकडे बराच वेळ नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो.

"वसतिगृहात गरम पाणी असतं का, तेवढं विचारा," ती म्हणते. "तिला सर्दी लगेच होते."