राखेखालचा दवाखाना

उकिरड्याचे दिवस बारा वर्षांनी पालटतात, असे आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडमधल्या उकिरड्यांना त्यासाठी शंभर वर्षे लागली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गावोगावचा कचरा टाकून बुजवलेल्या दगडखाणी, विटांच्या मातीचे खड्डे आणि नदीकाठच्या दलदली १९६० आणि १९७०च्या दशकांपासून हौशी मंडळी फावडी-कुदळी घेऊन उकरू लागली. मिळायच्या त्या बाटल्या, चिनी मातीच्या मलमाच्या डब्या, शाईच्या दौती, बाहुल्यांची डोकी. आज त्यातल्या काही दुर्मीळ बाटल्यांना लिलावात भरघोस किंमत येते. पण किंमत बाजूला ठेवली, तरी या कचऱ्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आरोग्याचा एक दस्तऐवजच पुरलेला आहे, आणि तो उकरणाऱ्याच्या जिवावर बेतेल असेही त्यात बरेच काही आहे.

बाटल्या इतकी वर्षे टिकल्या त्या राखेमुळे. त्या काळी घरोघरी कोळसा जळे, त्यामुळे कचऱ्यात सर्वांत मोठा वाटा राखेचा असे. १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर घरचा कचरा उचलण्याचे काम स्थानिक संस्थांकडे येत गेले आणि गाड्या भरभरून राख गावाबाहेर पडू लागली. राख मऊ असते, तिच्यातून पाणी निचरून जाते. कागद, चिंध्या, भाजीपाला कुजून गेला आणि काच मात्र गादीवर ठेवल्यासारखी राहिली.

या ढिगांमध्ये सापडणारी एक बाटली महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळख करून द्यायला नको. गळ्याशी चिमटा काढल्यासारखी, आत काचेची गोटी. हायरम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी बसवलेल्या रबरी कड्यावर घट्ट दाबली जाते आणि सोडा बंद राहतो. आपल्याकडची गोटी सोड्याची बाटली ती हीच. इंग्लंडमध्ये मुले गोट्यांसाठी या बाटल्या फोडत, म्हणून ढिगात तुकडे फार आणि अखंड बाटली कमी.

खरी गोष्ट औषधांच्या बाटल्यांची आहे. गडद निळ्या किंवा हिरव्या, षट्कोनी, अंगावर उभ्या रेघा असलेल्या बाटल्या ठिकठिकाणी निघतात. त्यांच्यावर काचेतच अक्षरे उठवलेली असतात: ‘नॉट टू बी टेकन’, म्हणजे पोटात घेऊ नये. घरात मेणबत्तीचा उजेड, पुष्कळांना वाचता येत नसे आणि खोकल्याचे औषध व कार्बोलिक ॲसिड एकाच फळीवर. रात्री अंधारात हात गेला तरी बोटांना खडबडीत काच लागावी आणि माणूस थांबावा, एवढ्यासाठी ती घडण. उपाय साधा होता. किती जणांनी चुकून विष प्यायल्यावर तो सुचला असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी बाटली दिसायला अगदी निरुपद्रवी आहे. बारीक, गोल, फिकट हिरवट काचेची. तिच्यावर मिसेस विन्स्लो यांच्या ‘सूदिंग सिरप’चे नाव. दात येणाऱ्या, रडणाऱ्या बाळांसाठीचे हे अमेरिकन औषध १८४९पासून विकले जात होते आणि इंग्लंडमध्येही खपत होते. बाळ खरोखरच शांत होई, कारण एका औंसात, म्हणजे जेमतेम ३० मिलिलिटरमध्ये, सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन असे. मॉर्फिनने श्वसन मंदावते. तान्ह्या बाळाचे ते थांबूही शकते. १९०६च्या अमेरिकन कायद्याने अशा घटकांची नावे लेबलावर छापणे सक्तीचे केले, तेव्हा कुठे आयांना कळले की आपण काय पाजत होतो. १९११मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याची गणना ‘बाळांचा जीव घेणाऱ्या’ औषधांत केली. आपण त्या आयांना नावे ठेवण्याचे कारण नाही. १९२०च्या दशकात मुंबईतल्या गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत, याच्या नोंदी आहेत. दिवसभर पाळीवर उभे राहायचे, तर बाळाने झोपायलाच हवे होते.

तिसरी बाटली दुधाची. चपटी, कासवासारखी, तिच्या तोंडातून लांब रबरी नळी निघे आणि नळीच्या टोकाला निपल. बाळ आपले आपण दूध ओढी आणि आईचे हात मोकळे राहत. पण त्या नळीचा आतला भाग घासणे अशक्य. साचलेल्या दुधात जंतू माजत आणि बाळे जुलाबाने जात. १८६१मध्ये पुस्तकरूपाने निघालेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहशास्त्रात तर एकदा बसवलेले निपल पंधरा दिवस काढायची गरज नाही, अशा अर्थाचा सल्ला होता. फ्रान्सने अशा लांब नळीच्या बाटल्यांवर १९१०मध्ये बंदी घातली. ढिगात आता नळी सापडत नाही. रबर कुजून गेले आणि स्वच्छ, गोंडस काच तेवढी उरली. संग्राहकांच्या कपाटात ती शोभूनही दिसते.

काही बाटल्यांवर मोरपिसासारखी झळाळी असते. ती मुद्दाम दिलेली नव्हे. ओल्या मातीतले पाणी काचेतील सोडियमसारखे क्षार हळूहळू ओढून घेते आणि पृष्ठभागावर सिलिकाचे अतिशय पातळ पापुद्रे उरतात. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात त्याच कारणाने या पापुद्र्यांवरही खेळतात. थोडक्यात, ती काचेची झीज आहे. वय ओळखायला मात्र साच्याची रेघ पाहावी लागते. ती थेट ओठाच्या कडेवरून गेलेली असेल, तर बाटली बहुधा यंत्रावर झालेली, म्हणजे विसाव्या शतकातली; मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्रानंतरची.

आता धोक्याचे. राख मऊ म्हणून बाटली टिकते, आणि मऊ म्हणूनच खड्डा ढासळतो. चांगला थर लागला की खणणारा खालून आत पोखरत जातो आणि डोक्यावरचा भाग अधांतरी राहतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास असते. तोंड मोकळे असले तरी छातीपर्यंत गाडलेला माणूस गुदमरू शकतो, कारण प्रत्येक श्वास सोडल्यावर माती थोडी आणखी आवळते आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगत नाही. एकट्याने खणणे म्हणूनच सर्वांत वाईट.

बाकीचे धोके सावकाश येतात. जुन्या राखेत शिसे आणि आर्सेनिक असू शकते. ते धुळीतून, नखांतून, खणता खणता खाल्लेल्या सँडविचमधून पोटात जाते. शरीरात शिशाची ‘सुरक्षित’ अशी कोणतीच पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही, आणि मुलांना त्याचा त्रास सर्वाधिक. विसाव्या शतकातल्या ढिगांत ॲस्बेस्टॉसही निघते. फुटक्या काचेने कापले आणि जखमेत माती गेली, तर धनुर्वाताची भीती. ती लस ताजी हवी. पटकी-विषमज्वराचे जंतू मात्र इतकी वर्षे मातीत जगत नाहीत. अमेरिकेत जुन्या शौचकूपांचे खड्डे उकरणाऱ्यांना ही शंका हमखास विचारली जाते. तिथे पुरातत्त्वज्ञांना जंतांच्या अंड्यांची कवचे सापडतात. ती निर्जीव असतात, पण त्या घरातल्या लोकांच्या पोटात काय होते ते सांगतात.

बूच शाबूत असलेली, आत द्रव असलेली बाटली ही सर्वांत मोहाची आणि सर्वांत टाळण्याजोगी गोष्ट. ती उघडू नये, हुंगू तर मुळीच नये. आग विझवण्यासाठी भिंतीवर टांगलेल्या जुन्या काचेच्या गोळ्यांत कधीकधी कार्बन टेट्राक्लोराइड असे. त्याची वाफ यकृताला घातक असते.

पुरातत्त्वज्ञांची तक्रार वेगळी आहे. बाटली कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे नोंदले नाही, तर ती नुसती बाटली राहते. अमेरिकेत विल्यम रॅथ्जे यांनी १९७३मध्ये ॲरिझोना विद्यापीठात कचऱ्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा लोक सांगतात त्यापेक्षा त्यांच्या कचऱ्यात बिअरचे डबे जास्त निघतात, हे त्यातून दिसले. भारतात हौसेने खणण्याआधी कायदा पाहावा लागतो. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो.

इंग्लंडमध्ये काही ठिकाणी तर आता फावड्याचीही गरज उरलेली नाही. टेम्सच्या मुखाजवळ ईस्ट टिलबरीला लंडनचा कचरा पूर्वी होड्यांतून आणून टाकत. आता भरतीच्या लाटा तो किनारा कुरतडत आहेत. पूर येऊ शकेल अशा सखल किनारी भागांत इंग्लंडमध्ये असे जुने कचरा-डेपो १२००हून अधिक आहेत. ओहोटीनंतर चिखलात निळ्या बाटल्या, कपांचे कान, मलमाच्या डब्या उघड्या पडतात आणि लोक त्या वेचायला येतात. त्याच चिखलातून शिसे आणि जस्तही नदीत उतरते आहे.